ट्रान्सएक्सल घेण्याआधी क्लचचं गणित करा

"दीडशे हॉर्सपॉवर झेलेल का?" ऑफ-रोड बग्गीसाठी ट्रान्सएक्सल बघायला आलेला माणूस हमखास हे विचारतो, आणि विकणारा हमखास हो म्हणतो. पण गिअरच्या दातांची हॉर्सपॉवरशी कधी गाठच पडत नाही. त्यांच्या वाट्याला येतो टॉर्क, म्हणजे पीळ, आणि तोही शांतपणे नाही, धक्क्याधक्क्याने. हा धक्का किती मोठा होऊ शकतो याचा हिशेब कागदावर अर्ध्या तासात होतो. तो न केल्यामुळे गेलेले गिअरबॉक्स ठाण्या-नवी मुंबईच्या गॅरेजांत कोपऱ्याकोपऱ्यात पडलेले दिसतील.

आधी शब्द समजून घेऊ. जिप्सी किंवा सुमोत गिअरबॉक्स पुढे असतो, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअर-रचना) मागच्या एक्सलमध्ये, आणि दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीखालून जातो. ट्रान्सएक्सलमध्ये गिअरबॉक्स, शेवटची मोठी गिअर-जोडी आणि डिफरन्शियल एकाच केसिंगमध्ये बसवलेले असतात आणि त्यातून दोन एक्सल शाफ्ट थेट चाकांकडे जातात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच असतं. ठाणे स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षाही याच तत्त्वावर चालतात. मागे इंजिन असलेल्या बग्गीला दुसरा सोयीचा मार्गच नाही, कारण प्रोपेलर शाफ्टला जागाच उरत नाही.

धक्का येतो कुठून

एक उदाहरण धरू. दोन माणसं आणि पेट्रोल धरून बग्गीचं वजन ९०० किलो, त्यातलं ६० टक्के, म्हणजे ५४० किलो, मागच्या चाकांवर. इंजिन १.२ ते १.३ लिटरचं, ११० न्यूटन-मीटर टॉर्कचं. पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह, म्हणजे शेवटची मोठी गिअर-जोडी, ४.४. म्हणजे एकूण घट १५.४: इंजिनाच्या १५.४ फेऱ्यांत चाकाची एक. टायर २९ इंची, वजनाखाली दबल्यावर त्रिज्या साधारण ०.३५ मीटर.

इंजिन पूर्ण जोरात असताना मागच्या दोन्ही चाकांवर मिळून ११० गुणिले १५.४, म्हणजे सुमारे १,७०० न्यूटन-मीटर येतात. घर्षणात दहा टक्के गेले असं धरलं तर दीड हजारांच्या थोडे वर. विक्रेता ज्यावर हो म्हणतो तो आकडा एवढाच.

आता गाडी उडाली. चाकं हवेत, चालकाचा पाय अजून अॅक्सिलरेटरवर. अडवायला जमीन नाही, त्यामुळे चाकं आणि इंजिन दोन्ही वेगाने फिरू लागतात. गाडी खाली येते तेव्हा चाकांवर क्षणभर नेहमीच्या तिप्पट भार येणं यात अतिशयोक्ती नाही. ५४० किलोच्या तिप्पट, गुरुत्वाकर्षणाचे ९.८, ०.९ पकड आणि ०.३५ मीटर त्रिज्या यांचा गुणाकार सुमारे ५,००० न्यूटन-मीटर होतो. टायर घसरण्याआधी एवढा पीळ जमिनीकडून वर पाठवू शकतो. चाक एकदम मंदावतं, इंजिनाचं फ्लायव्हील मात्र आपल्या वेगातच असतं, आणि या दोघांच्या भांडणात मधला ट्रान्सएक्सल सापडतो.

मग प्रत्येक उडीत पाच हजार येतात का? नाही, कारण मध्ये क्लच आहे. ११० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला कंपनीचा क्लच साधारण दीडपट क्षमतेचा धरा, म्हणजे १६५. त्यापुढे तो घसरतो. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये क्लच पुढे जाऊ देईल असा सर्वात मोठा पीळ १६५ गुणिले १५.४, म्हणजे सुमारे २,५४०. तिसऱ्या गिअरमध्ये, जिथे एकूण घट ५.६ च्या आसपास असते, तो फक्त ९३० पर्यंत जातो. थोडक्यात, क्लच हा या यंत्रणेचा फ्यूज आहे, आणि वरच्या गिअरमध्ये घेतलेली उडी ट्रान्सएक्सलला निम्म्याहून कमी महागात पडते.

इथेच नेहमीची चूक होते. क्लच घसरतो म्हणून कोणीतरी इंजिनाच्या टॉर्कच्या तिप्पट क्षमतेची तांब्याच्या बटणांची रेसिंग प्लेट बसवतो. आता क्लच सोडतो ३३० ला. ३३० गुणिले १५.४ म्हणजे ५,०८०, टायरच्या मर्यादेच्याही वर. फ्यूजच्या जागी खिळा ठोकल्यासारखं झालं. इंजिन तेच, गाडी तीच, आणि गिअरबॉक्सवरचा सर्वात वाईट धक्का दुप्पट. "आधी दोन वर्षं टिकला होता, आता दोन शर्यती टिकत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

म्हणून ट्रान्सएक्सल बघायच्या आधी क्लचची क्षमता ठरवा. इंजिनाच्या टॉर्कच्या १.४ ते १.६ पट ठेवली तर पुरते. त्या आकड्याला पहिल्या गिअरच्या एकूण घटीने गुणा. ट्रान्सएक्सलने एवढं नेहमी झेललं पाहिजे. सगळ्यात आधी क्लच घसरावा, त्यानंतर मोडायचंच असेल तर एक्सल शाफ्ट मोडावा, आणि क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियल फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, कधीच मोडू नये. एक्सल रस्त्याच्या कडेला अर्ध्या-पाऊण तासात बदलता येतो. क्राउन-पिनियनसाठी गिअरबॉक्स खाली उतरवून टेबलावर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं सुईचं माप) लावूनच बसावं लागतं.

गिअर किती आणि कोणते

मोठे टायर लावल्यावर मूळ गिअरचं गणित विस्कटतं. रस्त्यावरच्या हॅचबॅकचा टायर साधारण ६२० मिलिमीटर व्यासाचा असतो, २९ इंची टायर ७३७ चा. वरच्याच बग्गीत इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना पहिल्या गिअरमध्ये वेग ताशी ५२ किलोमीटर निघतो, तिसऱ्यात १४४, आणि पाचव्यात कागदावर २४२. मुरूम-दगडात कोण १४४ च्या वर जाणार? म्हणजे चौथा आणि पाचवा गिअर नुसतं वजन म्हणून वाहायचे. आणि खालच्या टोकाला, चिखलात किंवा दगडांत ताशी दहाने सरकायचं असेल तर पहिला गिअर इतका उंच की क्लच अर्धवट दाबून चालवावं लागतं. तासाभरात प्लेट जळाल्याचा वास येतो.

अशा गाडीला हवं ते असं: सर्वोच्च वेग १३०, पहिल्या गिअरमध्ये ६,००० फेऱ्यांवर ३६-३७. त्यासाठी एकूण घट पहिल्याला २२ आणि शेवटच्याला ६.२ लागते. मधले दोन गिअर सारख्या टप्प्यांनी बसवले तर २२, १४.४, ९.५, ६.२. चारच गिअर, आणि एकही वाया नाही. बग्ग्यांसाठी चार गिअरचे ट्रान्सएक्सल अजून बनतात ते याचमुळे. गिअर कमी असले की तेवढ्याच केसिंगमध्ये दात रुंद करता येतात, आणि रुंद दात जास्त भार घेतात.

एक सावधगिरी: घट १५.४ वरून २२ केली की क्लचच्या १६५ चे चाकांपाशी ३,६३० होतात. गिअर सोयीचे झाले, पण एक्सल आणि क्राउनवरचा भार जवळजवळ दीडपट. पहिला गिअर बदलला की एक्सलचा हिशेब पुन्हा करायचा.

मिळतं काय

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मारुतीसारख्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स जसंच्या तसं मागे बसवणं. कुर्ल्याच्या बाजारात जोडी मिळते, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. दिशा बदलू नका: इंजिन गाडीत ज्या बाजूला तोंड करून होतं तसंच मागे ठेवा. फिरवून उलटं बसवलं तर एक गिअर पुढे जायला आणि पाच मागे जायला, अशी गंमत होते. या प्रकारात फायनल ड्राइव्हची जोडी तिरक्या दातांची, समांतर शाफ्टवरची असते. तिच्यात जागा मर्यादित असल्यामुळे ४.४ ची ६.३ करणं बहुतेक केसिंगांत शक्यच नसतं. त्यापेक्षा टायर २६ इंचावर आणा. गाडी सुधारते आणि पैसे वाचतात.

कॉलेजच्या बाहा स्पर्धेतल्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांचं जग वेगळं. तिथे दहा हॉर्सपॉवरचं इंजिन असतं, टॉर्क १९ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि महिंद्रा अल्फा तीनचाकीचा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं वापरला जातो. त्याची घट पहिल्या गिअरला सुमारे ३१ आणि चौथ्याला सव्वासातच्या थोडी वर. १९ गुणिले ३१ म्हणजे जेमतेम ६०० न्यूटन-मीटर. जी तीनचाकी टेम्पो म्हणून वाशीच्या मार्केटातून भाजी वाहते तिच्या गिअरबॉक्सला हे काहीच नाही. तिथे प्रश्न ताकदीचा नसून वजनाचा आणि गिअर टाकायच्या दांड्याचा असतो. पण त्या अनुभवावर विसंबून तोच गिअरबॉक्स ६०० सीसी मोटारसायकल इंजिनामागे लावणं म्हणजे वेगळा खेळ. तो टिकत नाही.

दुसरा मार्ग फोक्सवॅगनच्या घराण्याचा. बीटलचा ट्रान्सएक्सल हा साऱ्या जगातल्या बग्ग्यांचा मूळपुरुष. इंग्लंडच्या ह्यूलँड कंपनीनेही आपले सुरुवातीचे रेसिंग गिअरबॉक्स बीटलच्याच केसिंगवर उभे केले. केसिंग मॅग्नेशियमचं, वजनाला हलकं, पण धक्क्याखाली ते वाकतं. वाकलं की बेअरिंगच्या जागा सरकतात, पिनियन क्राउनपासून किंचित दूर ढकलला जातो, दाताला दात पूर्ण रुंदीने न भिडता टोकाने भिडतो आणि टोक तुटतं. म्हणून या ट्रान्सएक्सलवर केल्या जाणाऱ्या सुधारणा बहुतेक केसिंग आवळून धरणाऱ्या किंवा आतले भाग मजबूत करणाऱ्या असतात: जाड बाजूचं झाकण, तिसऱ्या-चौथ्या गिअरचे हब वेल्ड करणं, डिफरन्शियलमध्ये दोनऐवजी चार स्पायडर गिअर (त्याच्या आतले छोटे गिअर). त्याच घराण्यातले व्हॅनचे ००२ आणि ०९१ हे ट्रान्सएक्सल बीटलपेक्षा दणकट. पोर्शे ९३० चा चार गिअरचा त्याहून वरचा. इंजिन एक्सलच्या मागे आहे की पुढे, यावर या प्रकारात क्राउन कोणत्या बाजूला बसवायचा ते ठरतं. जागा चुकली तर इथेही गाडी उलटी धावते.

आणि तिसरा, खास शर्यतीसाठी बनवलेला: अमेरिकेतले मेंडिओला, वेडल, फोर्टिन, ऑस्ट्रेलियाचे अल्बिन्स. माल न्हावा-शेवाला किंवा विमानाने येतो. वापरलेले भाग मागवताना कस्टमचे नियम नव्यापेक्षा वेगळे लागू होऊ शकतात. पैसे पाठवायच्या आधी कस्टम हाउस एजंटशी बोला, कंटेनर बंदरात पडून राहिल्यावर नव्हे.

यातलं काहीही घेताना तीन मापं लेखी मागा. गिअरच्या दोन शाफ्टमधलं अंतर, क्राउनचा व्यास, आणि इनपुट शाफ्टचा स्प्लाइनच्या (टोकावरच्या लांब खाचांच्या) मुळाशी असलेला व्यास. ढोबळ नियम असा की शाफ्टमधलं अंतर १० टक्क्यांनी वाढलं की टॉर्कची क्षमता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, कारण ती अंतराच्या घनाच्या प्रमाणात चालते. "हेवी ड्यूटी" असं स्टिकर कोणीही लावतो. व्हर्नियर खोटं बोलत नाही.

एक्सल आणि डिफरन्शियल

उघडं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा पीळ देतं, म्हणून एक चाक हवेत गेलं की दुसऱ्याकडेही काही उरत नाही. टॉर्सनसारखे गिअरवर चालणारे प्रकार याच जागी कमी पडतात, कारण त्यांना उचललेल्या चाकावरही थोडी तरी पकड लागते. प्लेटवाला मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल बरा, पण त्याच्या प्लेटा झिजतात आणि तेल लवकर घाण होतं. स्पूलमध्ये डिफरन्शियलच नसतं, दोन्ही शाफ्ट एका तुकड्यात. सरळ, लांब पल्ल्याच्या वाळवंटी शर्यतीत तोच आवडता. वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र गाडी पुढे ढकलत राहते. उघडं डिफरन्शियल आणि आतल्या चाकाला वेगळा हाताचा ब्रेक ही जोडी अरुंद वाटेवर जास्त चपळ ठरते. स्पूलबरोबर असा ब्रेक निरुपयोगी.

स्पूलची खरी किंमत एक्सलला मोजावी लागते. गाडी एका चाकावर उतरली तर संपूर्ण २,५४० एकाच शाफ्टवर येतात, अर्धे नाहीत. इएन-२४ पोलाद टी अवस्थेत (कडक करून पुन्हा तापवलेलं) असेल तर एवढ्याला ३३ मिलिमीटर व्यास लागतो. तेच ३००-एम पोलाद योग्य हीट ट्रीटमेंट केलेलं असेल तर २५ मध्ये भागतं. हे एका धक्क्याचं गणित झालं, हजारो धक्क्यांनी येणारा थकवा त्यात धरलेला नाही, म्हणून वर थोडी जागा ठेवा. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या जॉब शॉपमध्ये स्प्लाइन उत्तम कापून मिळतात. गडबड होते ती मटेरियलमध्ये: इएन-२४ सांगून त्याहून कमी ताकदीच्या इएन-८ चा बार आला तर डोळ्यांना फरक दिसत नाही. टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा मोजून घ्या. शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये लांब, गुळगुळीत उतार द्या. मग शाफ्ट मधोमध स्प्रिंगसारखा पिळला जातो आणि धक्का जिरवतो. मधला भाग जाड ठेवला तर सारा ताण स्प्लाइनच्या कोपऱ्यात साठतो आणि तिथेच तुकडा पडतो.

सीव्ही जॉइंटचा (वाकलेला असतानाही फिरणाऱ्या सांध्याचा) कोन हा ट्रान्सएक्सलच्या रुंदीचा प्रश्न आहे, हे फार कमी जण ध्यानात घेतात. दोन जॉइंटांमध्ये शाफ्ट ५०० मिलिमीटर आणि चाक मधल्या जागेपासून वर किंवा खाली १८० मिलिमीटर जात असेल तर जॉइंट २१ अंश वाकतो. शाफ्ट ६०० चा असेल तर साडेसतरा. रस्त्याच्या गाडीचा आतला ट्रायपॉड जॉइंट वीस-पंचवीस अंशांत संपतो, तेही सावकाश फिरताना. म्हणून ट्रान्सएक्सलच्या दोन बाजूंच्या फ्लँजमधलं (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकत्यांमधलं) अंतर जितकं कमी तितका शाफ्ट लांब आणि जॉइंट सुखी. आडव्या इंजिनाच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियल एका बाजूला सरकलेलं असतं. आखूड बाजूचा कोन मोजा, सरासरी काढू नका. सस्पेन्शन पूर्ण लटकवून चाक हाताने फिरवा. कुठेही खट्ट झालं तर खालचा प्रवास लिमिट पट्ट्याने अडवा. फ्लँजचे बोल्ट १२.९ ग्रेडचे, पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळलेले आणि तारेने बांधलेले.

जोडणी

इंजिन एका घराण्याचं आणि ट्रान्सएक्सल दुसऱ्याचं असेल तर मध्ये अॅडाप्टर प्लेट येते. १२ ते १६ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची, डॉवेल पिनांवर बसणारी. बोल्टांच्या भोकांवर केंद्र जुळवू नका. क्रँकवर डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) गोलात फिरवा. केंद्रांमधला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला पाहिजे, आणि गेजची सुई त्याच्या दुप्पट फिरते हे विसरू नका. फरक जास्त असेल तर सुरुवातीला काहीच कळत नाही. मग क्लच प्लेटच्या हबच्या रिव्हेट ढिल्या होतात, इनपुटचं सील गळतं, शेवटी बेअरिंग ओरडतं. माउंटही एका जातीचे ठेवा. इंजिनाला घट्ट धातूचे आणि गिअरबॉक्सच्या टोकाला रबराचे दिले की चॅसिसचा प्रत्येक पीळ केसिंगच्या मानेवर येतो आणि तिथे तडा जातो.

तेल, उष्णता, पाऊस

सिंक्रोमेश रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळेच्या असतील तर जीएल-५ वर्गाचं गिअर तेल नको. त्यातली दाब सोसणारी रसायनं पितळ खातात, आणि रिंगला जी पकड लागते ती तेल घालवतं. तिथे जीएल-४, ७५डब्ल्यू-९० किंवा कंपनी सांगेल ते. हायपॉइड (दात एकमेकांवर घसरत भिडणारं) क्राउन-पिनियन आणि डॉग गिअर (सिंक्रो रिंगशिवाय थेट अडकणारे) असलेल्या रेसिंग ट्रान्सएक्सलला मात्र जीएल-५ च लागतं. बीटलच्या ट्रान्सएक्सलमध्ये तेल बदलताना फक्त अडीच लिटर बसतं. दुप्पट इंजिनाचा भार टाकल्यावर ते किती तापेल याचा विचार करा. तेल ११० अंशांच्या वर टिकून राहू लागलं तर कूलर लावा: ड्रेनमधून जाळीचा फिल्टर, मग पंप, मग पंखा लावलेला छोटा रेडिएटर, आणि परत येणारं तेल थेट क्राउन-पिनियन भिडतात तिथे फवारा. फिल्टर पंपाच्या आधी हवा, नाहीतर दाताचा पहिला कण पंपच खातो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जास्त गिअरबॉक्स पाणी मारतं. तापलेलं केसिंग ओढ्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून (हवा येण्या-जाण्याच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते. तेल दुधाळ दिसलं की समजायचं. ब्रीदरला तेल सोसणारी नळी लावून ती रोलकेजच्या (माणसांभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) वरच्या पाइपापर्यंत न्या आणि टोक खाली वळवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दहातल्या आठ गाड्यांवर केलेलं नसतं. शिवाय चाचणीसाठी येऊरला जाऊ नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे; आणि बिनापासिंगची बग्गी रस्त्यावरून न्यायची तर ट्रेलरवरच.

वापरलेला ट्रान्सएक्सल घेताना ड्रेन प्लग विकणाऱ्यासमोर उघडा. चुंबकावर करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे चकाकते तुकडे असतील तर बोलणी तिथेच थांबवा. क्राउन हाताने हलवून बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) मोजा, चार वेगवेगळ्या जागी. बीटल घराण्यात तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. चारही आकडे एकमेकांपासून ०.०५ पेक्षा जास्त दूर असतील तर क्राउन वाकडा आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. केसिंगवर, विशेषतः बेल हाउसिंगच्या मुळाशी आणि माउंटच्या कानांपाशी, डाय-पेनेट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) मारून लाल रेघ उमटते का ते पाहा. नवीन क्राउन-पिनियन बसवलं असेल तर पहिले ४०-५० किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मध्ये दोनदा पूर्ण थंड होऊ द्या, मग ते तेल काढून टाका. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावलेल्या नव्या जोडीच्या दातांवर निळसर डाग पडतात, आणि तो निळा रंग पुन्हा जात नाही.